चार बोटांच्या फटीतला साखरपुडा

गुरुवार, २१ नोव्हेंबर. बेळगाव ते निपाणी आणि परत.

हजर: मी सुलभा, वय चोपन्न, कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक. माझे यजमान विलास, वकील. गाडी तेच चालवणार. सासूबाई, वय ब्याऐंशी, मागे उजवीकडे. आमचा मुलगा अनिकेत, बँकेत अधिकारी आणि आजचा नवरदेव, मागे डावीकडे. आणि आमची गाडी, वय नऊ वर्षे.

काम: निपाणीत अनिकेतचा साखरपुडा. मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटे.

मुहूर्ताची वेळ मी डायरीत लाल शाईने लिहिली होती. अनिकेतला बत्तिसावे लागले आहे आणि याआधी दोन ठिकाणी जमत आलेले मोडले. निपाणीची ऋतुजा त्याला आवडली, तिला तो आवडला, दोन्हीकडच्या आयांचे जमले. फक्त तिच्या आजोबांचे, म्हणजे आप्पांचे, मन पुढे-मागे होत होते. त्यांनी एकच अट घातली. "मुहूर्त चुकला तर बोलणी पयल्यापास्नं. आमच्यात असंच असतंय." मी म्हटले, आप्पा, मी आयुष्यात कुठे उशिरा गेलेली नाही. हे खरे होते. परवापर्यंत त्याची परीक्षा झाली नव्हती.

बेळगाव, खासबागेतले आमचे घर, सव्वाआठ

पुढे जे घडले ते गाडीमुळे घडले, म्हणून आधी तिच्याविषयी सांगते. नऊ वर्षांपूर्वी दसऱ्याला आम्ही ती घेतली तेव्हा शोरूममधल्या माणसाने तिच्या तेवीस सोयी वाचून दाखवल्या आणि मी त्या लिहून घेतल्या. पावसाचा थेंब पडला की आपोआप फिरणारे वायपर, अंधार झाला की आपोआप लागणारे दिवे, छतातली सरकती काच, मागे कॅमेरा. आणि दोन्ही हातांत सामान असेल तर मागच्या बंपरखाली नुसता पाय हलवला की उघडणारी डिकी. हे शेवटचे त्याने दोनदा करून दाखवले. नवव्या वर्षी या सगळ्याचे काय होते ते त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

त्या तेविसांपैकी गुरुवारी सकाळी नऊ चालू होत्या. बाकीच्या नुसत्या बंद पडल्या असत्या तर माझी तक्रार नव्हती. पण असली सोय बंद पडत नाही, तिचे डोके फिरते. आमचे वायपर पावसात ढिम्म उभे राहतात आणि भर उन्हात ट्रकची सावली पडली की सपासप फिरतात. मागच्या कॅमेऱ्यात सगळे जग गुलाबी दिसते. छताची काच एप्रिलमध्ये चार बोटे उघडली आणि तिथेच राहिली. तेव्हापासून तिच्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. पुढच्या डाव्या सीटवर कुणी नसले की गाडी बेल्ट लावा म्हणून टुंग टुंग करते, म्हणून विलास एकटे कोर्टात जाताना तिथे फायलींचा गठ्ठा बसवतात आणि त्याला बेल्ट लावतात. इंजिनाला मात्र काहीही झालेले नाही. विकूया म्हटले की विलास म्हणतात, "चालतीय की अजून!" हे वाक्यही मी डायरीत मांडून ठेवले आहे, तारखांसह.

सामान एकेचाळीस नग. साडी, अंगठ्या, साखरेचा पुडा, ओटीचे नारळ-तांदूळ-खण, बेळगावच्या कुंद्याचे, म्हणजे खव्याच्या मिठाईचे, डबे, सगळे डिकीत. अंगठ्याही डिकीतच, कारण पर्स हरवते, डिकी हरवत नाही, असा मी विचार केला. डिकी लावली, ओढून पाहिली, यादीत बरोबरची खूण केली.

संकेश्वरच्या अलीकडे

काकती सोडली की रस्ता मोकळा होतो. नोव्हेंबरात या बाजूला उसाला तुरे येतात आणि सगळे शिवार पांढरे होऊन डोलते. तोड चालू होती, त्यामुळे उसाचे ट्रॅक्टर पुढे. प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे गेलो की सावली पडायची आणि आमचे वायपर सुरू व्हायचे. लख्ख ऊन, कोरडी काच आणि वर खर्रर्र खर्रर्र. बाजूने जाणारे मोटरसायकलवाले आभाळाकडे बघायचे.

हत्तरगीचा टोलनाका ओलांडला आणि मागचे डावे चाक पंक्चर असल्याचा लाल दिवा लागला. हा दिवा चार वर्षे लागतो आहे. चाक आजवर एकदाही पंक्चर नव्हते. तरी विलास दर वेळी थांबतात, कारण एखाद्या दिवशी खरे असले तर? संकेश्वरच्या अलीकडचा हवा भरणारा आम्हाला चेहऱ्याने ओळखतो. त्याने उठण्याची तसदी घेतली नाही, बसल्याबसल्या चाकाला पायाने टोचले.

"वकीलसाहेब, हवा बरोबर हाय. तेवढं गाडीला सांगा."

"तू मशीन लावून बघ."

"लावतो. पण मागच्या येळेला लावलं तवा बी बरोबर हुती, आणि त्याच्या मागच्या येळेला बी."

"अरे, आज साखरपुडा आहे माझा," अनिकेत काच खाली करून म्हणाला. ती काच वर यायला पुढे चार किलोमीटर लागले.

"मग चाकाचं सोडा, जावा लवकर! पोरगी मिळतीया ते बगा!"

शेजारच्या हॉटेलात चुरमुऱ्याची ओग्गरणी, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, आणि मिरची भजी खाल्ली. संकेश्वरची मिरची लाल रंगाला प्रसिद्ध, पण या भज्यातली हिरवी होती आणि तिने अनिकेतच्या डोळ्यांत पाणी आणले. सासूबाईंनी दोन खाल्ली, तिसरे पदरात बांधून घेतले. आमच्या बेळगावात चहा अर्ध्या कपाने मागतात, इथे अर्धा मागितला तर मुलगा विचारतो, "तब्येत बरी न्हाय काय?" पूर्ण प्यालो. हिरण्यकेशी नदी ओलांडली, तवंदीचा घाट चढलो. घाटातून उतरताना दोन्ही बाजूंना तंबाखूची हिरवी रुंद पाने दिसू लागली की निपाणी आली समजायचे.

निपाणी, पावणेअकरा

ऋतुजाचे घर तंबाखूच्या वखारींच्या मागे. अंगणात मांडव घातलेला, चांगली गार सावली. सामान उतरवायला सोपे जावे म्हणून विलासनी गुलाबी कॅमेऱ्यात बघत गाडी उलटी थेट मांडवात घातली. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात, मग चहा. निपाणीत चहा, मग पाणी, मग परत चहा. दुसरा चहा संपवून मी विलासना म्हटले, "अहो, डिकी उघडा."

उघडेना. किल्लीच्या बटणाने नाही, आतल्या बटणाने नाही, डिकीवरच्या बटणाने नाही. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे.

"पायानं उघडते की," विलास म्हणाले. ही सोय माझ्या यादीत सहा वर्षांपूर्वी बंद झाली आहे. तरी त्यांनी किल्ली खिशात ठेवून बंपरखाली पाय झटकला. काही नाही. पुन्हा झटकला. पुढचे वायपर फिरले.

"कायतरी कळलं बगा तिला!" आप्पा उठले. पंच्याऐंशी वर्षांचे, पांढरे धोतर, कोल्हापुरी चप्पल. "सरा. तुमचा पाय शहरी हाय." त्यांनी किल्ली मागून खिशात टाकली आणि बंपरखाली अशी लाथ हाणली की चप्पल पलीकडे जाऊन पडली.

सासूबाई खुर्चीतून ओरडल्या, "अहो, लाथ काय मारताय? दर दसऱ्याला पूजा करतो आम्ही तिची!"

हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. पूजेची वस्तू, आणि सगळ्यांनी पाय लावायचा. शेवटी तोडगा सासूबाईंनीच काढला. पाय झटकायचा, आणि लगेच वाकून बंपरला हात लावून नमस्कार करायचा. मग रांग लागली. ऋतुजाचे वडील, तिचे काका, शेजारचे गुरुजी म्हणजे शाळेचे मास्तर, लग्नविधीचे गुरुजी सोवळे सांभाळून, नऊवारीतल्या तिच्या आत्या. एकेकाने किल्ली हातात घ्यायची, झटका, नमस्कार, पुढचा. फोटोवाला हे सगळे चित्रित करत होता आणि "नमस्कार करताना इकडं बघा" म्हणत होता. गाडी प्रत्येकाला काही ना काही देत होती. मास्तरांना हॉर्न मिळाला, आत्यांना दिव्यांची उघडझाप. डिकी कुणालाच मिळाली नाही.

मी घड्याळ बघत होते. अकरा पस्तीस.

तेवढ्यात ऋतुजा बाहेर आली. खरे तर मुलीने बोलावल्याशिवाय बाहेर यायचे नसते, आणि साखरपुड्याची साडी आमच्या डिकीत असल्याने ती घरातल्या सुती साडीवरच होती. तिची नोकरी पुण्यात आहे. गाड्यांची कुलुपे, बटणे, कॅमेरे असल्या वस्तू कपाटाएवढ्या भट्टीत घालून मुद्दाम म्हाताऱ्या करायच्या, आणि त्या किती वर्षे टिकतील ते बघायचे, असे तिचे काम. अनिकेतने हे आम्हाला सांगितले होते, पण त्याचा आमच्याशी कधी संबंध येईल असे वाटले नव्हते.

"काकू, किल्ली द्या. आणि लाथा बंद करा आदी सगळ्यांनी. प्रत्येक लाथंला गाडी जागी होतीया, बॅटरी संपाय आली असंल."

"रुतु, आत जा," आप्पा म्हणाले.

"जातेच आहे, आप्पा. गाडीच्या आत."

तिने मागचे दार उघडले, सीटची पाठ पुढे पाडली, साडी खोचली आणि किल्ली घेऊन डिकीत रांगत शिरली. थोडा वेळ टाचा दिसल्या, मग त्याही आत गेल्या. "साडी सापडली!" आतून आवाज. "अंगठ्या बी!" मांडवात टाळ्या पडल्या.

किल्ली आत आणि दार उघडे असे झाले की आमची गाडी टुंग टुंग करते. तो आवाज विलासना सहन होत नाही. नऊ वर्षांत त्यांच्या हाताला सवय लागली आहे: टुंग ऐकू आले की जवळचे दार लावायचे. त्यांनी दार लावले.

ठक्क. चारही दारांची कुलुपे पडली. दिवे एकदा मंद चमकले आणि विझले. टुंग थांबले, बॅटरी संपली.

विलासनी दार ओढले. बंद. आतून ऋतुजाने हॅंडल ओढले. बंद. ही तेविसांपैकी बाराव्या क्रमांकाची सोय. चोराने काच फोडून आत हात घातला तरी दार उघडू नये म्हणून कुलूप पडल्यावर आतले हॅंडलही निकामी होते. नऊ वर्षांत ती एकदाही बिघडली नव्हती.

"किल्लीच्या पोटात लोखंडी किल्ली असती काका, ती फटीतनं देते, बाहेरनं उघडा," ऋतुजा आतून म्हणाली. मग किल्ली उघडल्याचा टक्क आवाज आला. "काका, हितं रिकामं हाय."

विलासनी सासूबाईंकडे पाहिले.

"ती देव्हाऱ्यात हाय," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्या दसऱ्याला पूजेत ठेवली ती ठेवलीच. रोज फूल वाहते मी."

खासबागेतला देव्हारा तिथून पंचाहत्तर किलोमीटर.

मांडवात, अकरा पन्नास

मी प्लास्टिकचा कागद ओढून काढला. छताच्या फटीतून ऋतुजाचे डोळे दिसले. हवा येते का विचारले, येते म्हणाली. घाबरलीस का विचारले, तर म्हणाली, "काकू, मी भट्टीत वस्तू घालते. आज वस्तूंनी मला घातलंय." फटीतून पाण्याची बाटली आत गेली नाही, म्हणून पेल्याने पाणी दिले, अर्धे सीटवर सांडले. आप्पांनी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि काचेसमोर उभे राहिले.

"सांगा, कुठली फोडू?"

विलासचा चेहरा असा झाला की मला त्यांची दया आली. पण मी म्हटले, "कुठलीही फोडा."

"नको!" ऋतुजा ओरडली. "तुकडे माझ्या अंगावर येणार. मी बरी हाय. मी पुढं जाऊन बॉनेट खोलते, त्याला दोरी हाय, वीज लागत न्हाय. दुसऱ्या बॅटरीला जोडा."

मांडवाबाहेर पाहुण्यांच्या चार गाड्या होत्या, पण जोडायच्या वायरी एकीतही नव्हत्या. गॅरेजवाला कागलला गेलेला. वायरी होत्या त्यांच्या शेजारच्या पांडुतात्यांच्या ट्रॅक्टरवर, आणि ट्रॅक्टर ऊस घेऊन कारखान्याच्या रांगेत. तात्यांना फोन झाला. ते म्हणाले, वजन झाले की येतो, दीड तरी वाजेल. ऋतुजा म्हणाली, दीडपर्यंत बसते. कंटाळले तर सांगते, मग फोडा. वरवंटा हाताशी ठेवा.

बारा वाजून पाच मिनिटे. गुरुजींनी पंचांग मिटले, उघडले, पुन्हा मिटले. आप्पा वरवंटा घेऊन खुर्चीवर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले.

"पोरगी द्यायच्या आदीच कोंडली. हे लक्षण बरं न्हाय. मला सुरवातीपास्नं वाटत हुतं. ऱ्हाऊ द्या आता. मोडूया."

तिसऱ्यांदा मोडणार, आणि तेही डिकीमुळे, हे मी उभ्याउभ्या पाहत होते. माझ्या हातात डायरी होती आणि तिच्यात यासाठी काहीच लिहिलेले नव्हते.

अनिकेत प्लास्टिकच्या खुर्चीवर चढला आणि फटीशी तोंड नेले. "ऋतुजा, तू सांग. तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, ही गाडी विकाय पायजे."

"ती नंतर. आमचं काय?"

आतून तिचा आवाज आला, आणि तो आप्पांसाठी होता.

"आप्पा, ऐका. माझं कामच हाय, कोण किती टिकतंय ते बघायचं. ह्या गाडीचं काय खरं न्हाय. पण माणसं बघा की. सकाळधरनं सगळे लाथा मारून नमस्कार करत्यात. काका रडाय आलेत, काकूंनी काच फोडा म्हटलं, म्हातारी आजी अजून जेवली न्हाय. ह्यातलं एक बी पळून गेलं न्हाय. माझ्या भट्टीत येवढा वेळ काय टिकत न्हाय. गुरुजी, सुरू करा!"

"कुठं बसून?" गुरुजी म्हणाले.

"मी बसलेच आहे की."

आप्पांनी खुर्ची उचलून काचेला लावून ठेवली. मग म्हणाले, "करा. पर काचंपास्नं मी हालणार न्हाय."

बारा वाजून वीस मिनिटे

असा समारंभ मी पूर्वी पाहिला नाही. गुरुजींनी गाडीच्या बॉनेटवर पाट, पाटावर सुपारी मांडली. गाडीच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. एकीवर अनिकेत, दुसरीवर मी. आमच्या बाजूचे सगळे सामान आधीच मुलीकडे पोहोचले होते, त्यामुळे द्यायच्या वस्तू तीच फटीतून बाहेर द्यायची आणि आम्ही त्या पुन्हा फटीतून आत द्यायचो. साडी अशी दिली. अंगठी अशी दिली: डबी बाहेर आली, अनिकेतने अंगठी काढली, ऋतुजाने छतातून चार बोटे वर काढली. मग त्याने हात आत घातला आणि तिने त्याच्या बोटात घातली. मी एका बोटाने फटीतून तिला कुंकू लावले. ते कपाळाऐवजी भुवईवर लागले. साखरेचा पुडा फटीत अडकून फाटला आणि साखर तिच्या डोक्यावरून सीटवर सांडली. "गोड झालं," आत्या म्हणाल्या. पाच सवाष्णींनी औक्षण केले तेव्हा त्यांना पूर्ण गाडीभोवती फिरावे लागले, दोघी मांडवाच्या खांबात अडखळल्या.

राहिली ओटी. नारळ ऋतुजाजवळच होता, पण ओटीत तो मी घालायला हवा, आणि तो फटीतून बाहेर येईना. उभा केला, आडवा केला. चार बोटांच्या फटीतून नारळ निघत नाही, हे त्या मांडवात दहा जणांनी पडताळून पाहिले.

"सुटली की भरा," गुरुजी म्हणाले. "अंगठी झाली, साखर झाली. मुहूर्त साधला." आणि ते आले तसे सायकलवरून पुढच्या कामाला गेले.

जेवण मांडवातच झाले. पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात. आमच्याकडे पोळीवर तूप वाढतात, इथे वाटीभर दूध देतात आणि ते न घेणाऱ्याकडे संशयाने बघतात. ऋतुजाला पोळीचे तुकडे करून फटीतून दिले. आमटी देता येत नव्हती, ती राहिली. दर दहा मिनिटांनी मी तिची चौकशी करत होते. एकदा झोपली होती.

दीड वाजून गेल्यावर

पांडुतात्या उसाच्या चुऱ्यासकट ट्रॅक्टर घेऊन आले. बॉनेटवरचा पाट उचलला, ऋतुजाने आतून दोरी ओढली, बॉनेट उघडले. वायरी लागल्या आणि गाडी एकदम अंगात आल्यासारखी उठली. वायपर, हॉर्न, चारही दिवे, आणि नऊ वर्षांपूर्वी कधीतरी लावलेले एक भक्तिगीत मोठ्या आवाजात. कुलुपे सुटली. डिकी सगळ्यांसमोर सावकाश, मानाने, आपोआप वर गेली.

ऋतुजा केसांतून साखर झटकत बाहेर आली. तिच्या हातात ओटीचा नारळ होता. आप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी वरवंटा टाकला, तिच्या हातातून नारळ घेतला, गाडीच्या पुढे गेले आणि "सुटली एकदाची!" म्हणत बंपरच्या कडेवर हाणला. नारळ फुटला. पाणी बंपरवरून आत गेले.

ऋतुजा तिथेच थबकली. "काकू, तुम्ही बी दसऱ्याला हितंच फोडता?"

"हितंच," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "नऊ दसरे. आणि पुढचे-मागचे सगळे डोळे असतात ना तिला, त्या डोळ्यांना हळदीकुंकू मी लावते. एक चुकवत नाही. अगदी आत बोट घालून."

ऋतुजा मातीत बसली आणि बंपरच्या खालून हात घालून एक वायरीचा जोड बाहेर ओढला. गंजून हिरवागार, नारळाच्या काथ्याने भरलेला. मागे कॅमेऱ्याची काच नखाने खरवडली, कुंकवाचा थर निघाला. तिने तो बोटावर धरून बराच वेळ बघितला.

"आजी, आम्ही मिठाचं पाणी मारतो, धूळ मारतो, बर्फात घालतो, भट्टीत घालतो. नारळाचं पाणी आणि हळदीकुंकू आमच्या यादीत न्हाय."

"मग घाल की यादीत," सासूबाई म्हणाल्या. "पूजा तर थांबणार न्हाय."

ती हसली आणि खरोखरच फोनमध्ये काहीतरी लिहून घेतले. त्या क्षणी मला ती मुलगी माझीच वाटली.

मी पिशवीतून तांदूळ आणि खण काढला. दुसरा नारळ आत्यांनी आणला. पण सासूबाई आणि ऋतुजाची आजी, ज्या सकाळपासून एकमेकींशी बोलल्या नव्हत्या, त्या एका आवाजात म्हणाल्या, "राहुकाळ लागला. तीन वाजेपर्यंत ओटी न्हाय." आणि ऋतुजाची पुण्याची बस पावणेतीनला हायवेवर, एका दिवसाचीच रजा, भट्टीत काहीतरी ठेवून आलेली. बसला राहुकाळ कळत नाही. अनिकेत तिला मोटरसायकलवरून सोडून आला. परत आला तेव्हा त्याच्या बोटात अंगठी होती आणि खांद्यावर साखर.

परतीचा रस्ता

डिकी उघडली ती मिटेना. मांडवाच्या दोरीने बांधली. आप्पा गाठ स्वतः मारत होते, मारता मारता विलासना म्हणाले, "वकीलसाहेब, पोरगी दिली. पर गाडी आमच्यात न्यायची न्हाय." विलास "चालतीय की अजून" म्हणायला तोंड उघडत होते. मी त्यांच्याकडे पाहिले, ते गप्प बसले. तवंदीच्या घाटात ते स्वतःच म्हणाले, "जानेवारीत विकू." मी तारीख लिहून घेतली आणि त्यांची सही घेतली.

काल रात्री जेवणानंतर यादी घेऊन बसले. एकेचाळीस ओळी, चाळीस खोडल्या. सकाळी ऋतुजाचा फोन आला होता. पोचले, अंगठी नीट बसते, भट्टीतले कुलूप टिकले, केसांतून अजून साखर निघते. मी म्हटले, ओटी राहिली आहे बाई, सासूबाईंच्या मनाला ते लागून राहिले आहे, आणि खरे सांगायचे तर माझ्याही. ती म्हणाली, "मग या की काकू. पुण्यालाच या, हितं बसून भरा."

नारळ, तांदूळ, खण, हळकुंड आणि सुपारी पिशवीत भरून पिशवी दाराशी ठेवली आहे. कधी जायचे आणि कशाने जायचे, ते अजून ठरलेले नाही.